आधी यादी जाहीर करा

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली
आणि
केंद्रप्रमुख, मुंबई दूरदर्शन, वरळी

महोदय,

चार मराठी माणसे जमली आणि बोलणे जुन्या दिवसांकडे वळले, की मुंबई दूरदर्शनचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. ‘गजरा’ निघतो, ‘चिमणराव’ निघतो, ‘साप्ताहिकी’ निघते. कुणी लाकडी शटरच्या टीव्हीबद्दल सांगतो, कुणी गच्चीवर चढून अँटेना फिरवल्याचे सांगतो, पडद्यावरच्या मुंग्या सगळ्यांनाच आठवतात. हे प्रेम खरे आहे आणि आपल्याला ते चांगले ठाऊक आहे. हे पत्र त्याच प्रेमापोटी लिहिलेले आहे, आणि त्यात मागणी एकच आहे. मुंबई केंद्राच्या जुन्या कार्यक्रमांपैकी जे काही फितींवर शिल्लक आहे, त्याची संपूर्ण यादी लोकांसमोर ठेवावी. कार्यक्रमाचे नाव, प्रक्षेपणाची तारीख, निर्माता, भाग घेतलेली माणसे, फितीचा प्रकार आणि तिची आजची अवस्था, एवढे तरी त्या यादीत असावे. जे शिल्लक उरलेले नाही, तेही तिथेच तसे नोंदवलेले असावे.

देशात दूरदर्शनचा प्रयोग दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. दुसरे केंद्र निघायला तेरा वर्षे गेली आणि तो मान मुंबईला मिळाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात पोचले. चित्र कृष्णधवल होते आणि कार्यक्रम संध्याकाळच्या मोजक्या तासांचे होते. टीव्ही घरात ठेवायचा तर परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात जाऊन भरावे लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत चालू होती. वरळीत तयार झालेल्या त्या कार्यक्रमांचा खर्च परवान्याच्या रूपाने आणि कराच्या रूपाने लोकांनीच उचलला आहे. त्यामुळे फिती आपल्या कपाटात असल्या, तरी त्यांत काय आहे हे विचारण्याचा अधिकार लोकांचा आहे.

त्या पहिल्या वर्षांत मुंबई केंद्रात जमलेली माणसे विलक्षण होती. नाट्यशिक्षण घेतलेले विनायक चासकर ‘गजरा’ करत. त्या छोट्या छोट्या प्रहसनांमधून पुढे मराठी रंगभूमी आणि चित्रपट गाजवणारे कितीतरी नट पहिल्यांदा लोकांच्या घरात आले. एकटीने संपूर्ण ‘सौभद्र’ उभे करणाऱ्या आणि संस्कृतच्या विदुषी असलेल्या सुहासिनी मुळगावकर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधून लेखक, कवी, कलावंतांना बोलते करत. आकाशानंद हे नाव घेतलेले आनंद बालाजी देशपांडे ‘ज्ञानदीप’ करत. त्या कार्यक्रमाचा परिणाम असा, की तो पाहून गावोगावच्या लोकांनी ज्ञानदीप मंडळे काढली. टीव्हीवरचा एखादा कार्यक्रम बघून प्रेक्षक संघटित होतात आणि आपल्या गल्लीत काम उभे करतात, असे नंतरच्या पन्नास वर्षांत किती वेळा घडले? अरुण काकतकर यांनी ‘शब्दांच्या पलीकडले’मधून मराठी भावसंगीत पडद्यावर आणले. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी कार्यक्रमही याच केंद्राचा. १९७२ पासून १९९३ पर्यंत, एकवीस वर्षे तो चालला.

‘चिमणराव’चे उदाहरण थोडे सविस्तर घेण्याजोगे आहे. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधी पुस्तकांत अवतरले. १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना त्या भूमिका दिल्या, आणि आज पन्नाशी-साठीत असलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चिमणराव म्हटले की प्रभावळकरच येतात. एकाच पात्राची ही तीन रूपे: छापील, चित्रपटातले आणि टीव्हीवरचे. ती शेजारी ठेवून पाहिली, तर मराठी विनोद चाळीस वर्षांत कसा बदलला, नटाच्या चेहऱ्यावरचे हावभाव किती सौम्य झाले, संवाद किती सावकाश किंवा भराभर म्हटले जाऊ लागले, याचा अभ्यास होऊ शकतो. पुस्तक ग्रंथालयात मिळते. टीव्हीवरच्या चिमणरावाचे मात्र एकूण किती भाग झाले आणि त्यांतले किती आज धडधाकट आहेत, हे पाहायचे तर कुठे पाहायचे?

गाण्यांचेही असेच आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली भावगीते तबकड्यांवर आणि कॅसेटींवर आहेत, ती हरवणार नाहीत. पण तबकडीवर फक्त गाणे असते. ते म्हणताना गायिकेने वादकाकडे टाकलेली नजर, संगीतकाराने चाल कशी सुचली हे सांगताना धरलेला ठेका, कवीने आपलीच ओळ वेगळ्या लयीत म्हणून दाखवणे, हे फक्त दूरदर्शनच्या फितीवर असू शकते. ज्या पिढीने मराठी भावसंगीत घडवले, तिची बहुतेक माणसे आता नाहीत. त्यांना बोलताना, हसताना, चुकून पुन्हा सुरुवात करताना पाहण्याची जागा आपल्या कपाटातच आहे.

आता दुखऱ्या गोष्टीकडे वळावे लागेल. त्या काळी चुंबकीय फिती परदेशातून येत, फार महाग असत आणि त्यांच्यासाठी परकीय चलन खर्ची पडे. त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, ही रोजच्या कामाची रीत होती. बातम्या आणि कितीतरी कार्यक्रम थेट जात, ते मुळात मुद्रितच होत नसत. स्मिता पाटील चित्रपटांत येण्याआधी मुंबई केंद्रातून मराठी बातम्या वाचत आणि तिथूनच श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९८६ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या बातमीपत्राचे एखादे मिनिट तरी उरले आहे का, हा प्रश्न चित्रपटाच्या प्रत्येक अभ्यासकाला पडतो. उत्तर ‘नाही’ असेल, तर तेही सरळ लिहिलेले असावे, म्हणजे शोधणारा दुसरीकडे वळेल.

फिती पुसणाऱ्या त्या वेळच्या माणसांना आज दोष देण्यात अर्थ नाही. टीव्हीवरचा कार्यक्रम पुन्हा कधी कुणाला पाहावासा वाटेल, ही कल्पनाच तेव्हा जगात कुठे फारशी नव्हती. लंडनच्या बीबीसीनेही साठ-सत्तरच्या दशकांत हेच केले. ‘डॉक्टर हू’ या त्यांच्या लाडक्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग आजही सापडत नाहीत. ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचे तीन भाग गेले. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्या रात्रीचे बीबीसीच्या स्टुडिओतले बहुतेक प्रक्षेपणही उरले नाही. फरक पुढचा आहे. बीबीसीने काय हरवले ते जगाला सांगितले. कोणत्या मालिकेचा कितवा भाग नाही, हे तिथला शाळकरी चाहतासुद्धा सांगू शकतो. आणि सांगितल्यामुळेच गोष्टी परत आल्या. कुणाच्या माळ्यावर, कुणा परदेशी केंद्राच्या गोदामात, कुणा संग्राहकाच्या कपाटात डबे सापडले आणि लोकांनी ते आणून दिले. ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी आज शिल्लक आहे, कारण तेव्हा घरी बसून टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावणारे चाहते होते. काय हरवले आहे हे कळले, तरच माणसे शोधायला लागतात.

फ्रान्सने तर १९७५ पासून यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था चालवली आहे. १९९२ साली तिथे कायदा झाला, की रेडिओ आणि टीव्हीवर जे प्रक्षेपित होईल त्याची प्रत या संस्थेकडे जमा व्हायलाच हवी. २००६ मध्ये तिने आपल्या संग्रहाचा मोठा भाग इंटरनेटवर लोकांना खुला केला. भारतात पुस्तकांसाठी असा कायदा १९५४ पासून आहे, १९५६ पासून त्यात वृत्तपत्रेही आली. प्रकाशकाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवायची असते. मुंबईत टाऊन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय त्यांतले एक. म्हणून शंभर लोकांनीही न वाचलेली कादंबरी कुठेतरी सुखरूप असते. लाखो लोकांनी एकाच संध्याकाळी पाहिलेल्या कार्यक्रमाला हे संरक्षण नाही.

आठवणींच्या गप्पांमध्ये नेहमी तीच दहा-बारा नावे येतात. ते स्वाभाविक आहे, आवडलेलेच आठवते. पण यादी हवी आहे ती केवळ आवडत्या कार्यक्रमांसाठी नाही. कुणाला आता आठवत नसलेल्या कार्यक्रमांसाठी तर ती जास्त हवी आहे.

मुंबई केंद्र सुरू झाले ते १९७२ च्या भीषण दुष्काळात. राज्यभर दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडत होती आणि त्याच कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. केंद्राच्या अगदी सुरुवातीच्या कार्यक्रमांत त्यातले काय आले? ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम शहरातली मुले कंटाळून बघत, कारण त्यानंतर आवडीचे काही लागणार असे. त्याच कार्यक्रमात खानदेशातला, मराठवाड्यातला, कोकणातला शेतकरी आपल्या बोलीत बोलत होता. बियाणे कोणते, पाणी किती, भाव काय, हे त्याच्या तोंडून आले. त्या बोलींचा, त्या औजारांचा, त्या शिवारांचा हलत्या चित्रांतला पुरावा फारसा कुठे नाही. भाषेच्या आणि शेतीच्या अभ्यासकांना आज तो कार्यक्रम कोणत्याही मालिकेइतकाच मोलाचा आहे.

आणि केंद्राची जागा पाहावी. वरळी. सभोवताली तेव्हा गिरणगाव होते, हाकेच्या अंतरावर बीडीडी चाळी. १९७२ मध्येच मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या त्या चाळींत दंगल झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकामागून एक थंडावत गेल्या आणि शहराचा चेहरा कायमचा बदलला. त्याच १९८२ साली, १५ ऑगस्टला, दूरदर्शनवर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि चित्र रंगीत होऊ लागले; नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा देशाने रंगांत पाहिल्या. वरळीच्या मनोऱ्यावरून रंगीत चित्र जात होते आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी गिरण्यांचे भोंगे बंद होते. त्या दीड-दोन वर्षांत मुंबई केंद्राने संपाबद्दल काय दाखवले, किती मिनिटे दाखवले, कामगारांना बोलू दिले की फक्त मंत्र्यांना, हे इतिहासाचे प्रश्न आहेत. आणीबाणीबद्दलही असेच. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात दूरदर्शनचा सरकारने कसा वापर केला, याची श्वेतपत्रिका १९७७ च्या सरकारने काढली होती. त्या काळातल्या मुंबई केंद्राच्या फिती उरल्या असतील, तर त्या देशाच्या कागदपत्रांइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

घाई का, याचे उत्तर फितीच्या घडणीत आहे. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि तो चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. दमट हवेत ते द्रव्य पाणी शोषते आणि फीत चिकट होते. अशी फीत यंत्रावर चढवली की थर खरवडून यंत्राच्या शीर्षावर जमतो आणि त्याबरोबर चित्रही जाते. जाणकार लोक अशी फीत मंद उष्णतेवर कित्येक तास ठेवून कोरडी करतात आणि मग जपून एकदा उतरवून घेतात. मुंबईच्या पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते ती वेगळीच. फीत धड राहिली, तरी ती चालवणारे यंत्र हवे. दोन इंची आणि एक इंची फितींची यंत्रे, यू-मॅटिक, बेटाकॅम, यांचे उत्पादन बंद झाले आहे. सोनीने बेटाकॅमच्या कोऱ्या कॅसेटींची विक्रीही २०१६ मध्ये थांबवली. सुटे भाग मिळत नाहीत आणि ती यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त झाले आहेत. म्हणूनच युनेस्कोने आणि ध्वनिचित्र-संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये जगाला इशारा दिला, की २०२५ च्या आसपास चुंबकीय फिती वाचणे बहुतेक ठिकाणी अशक्य होईल. ते वर्ष येऊन गेले.

फीत घाईने उतरवताही येत नाही. एका तासाची फीत उतरवायला किमान एक तास लागतोच, शिवाय साफसफाई, तपासणी, नोंद. म्हणजे कुठली फीत आधी घ्यायची, हे ठरवावे लागणार. ते ठरवायला यादी लागते. आणि तो निर्णय दोन-चार अधिकाऱ्यांवर सोडण्यापेक्षा नाटकाचे अभ्यासक, संगीतकार, शेतीतज्ज्ञ, कामगार चळवळीचे इतिहासकार यांनी यादी पाहून सांगितला, तर तो अधिक शहाणा ठरेल.

प्रसार भारतीने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या यूट्यूब वाहिन्यांवर जुने कार्यक्रम नियमाने येतात आणि परदेशात गेलेली मराठी कुटुंबे ते आवडीने पाहतात. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, आपण ‘रामायण’ पुन्हा दाखवले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शननेच जाहीर केले. त्याच महिन्यात ‘डीडी रेट्रो’ सुरू झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला ‘वेव्हज’ हे आपले ओटीटी व्यासपीठ आले आणि जुन्या मालिका तिथेही मिळू लागल्या. या सगळ्याचे मनापासून स्वागत आहे. पण अशा ठिकाणी काय टाकले आहे तेवढेच दिसते. काय टाकलेले नाही, काय टाकता येण्यासारखे नाही, काय कायमचे गेले, ते दिसत नाही. जे चालते तेच पुन्हा पुन्हा वर येते आणि उरलेले कपाटात आणखी जुने होते.

हक्कांची अडचण पुढे केली जाईल, म्हणून त्याबद्दलही. कार्यक्रम दाखवायला हक्क लागतात. कार्यक्रमाचे नाव यादीत लिहायला लागत नाहीत. आणि हक्कांचे चित्रही वाटते तितके अंधारे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत असतो. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे चिमणरावाच्या मूळ कथा २०२४ च्या आरंभापासून सर्वांच्या झाल्या. ‘गोट्या’ लिहिणारे ना. धों. ताम्हनकर त्याच्याही आधी गेले, त्यांचेही लेखन आता मुक्त आहे. उलट रणजित देसाई १९९२ साली गेले, त्यामुळे ‘स्वामी’ कादंबरीचे हक्क आणखी बराच काळ त्यांच्या वारसांकडे राहतील. गजानन जागीरदारांनी केलेली, रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांची ‘स्वामी’ मालिका पुन्हा दाखवताना त्यांना विचारावे लागेल, आणि विचारावेच. प्रक्षेपक म्हणून दूरदर्शनचा स्वतःचा वेगळा हक्क मात्र पंचवीस वर्षांचाच असतो. पटकथा, संगीत, कलावंत यांचे हक्क प्रत्येक कार्यक्रमात वेगवेगळे गुंतलेले असतील. ती गुंतवळ सोडवायची, तर आधी प्रत्येक कार्यक्रमापुढे कुणाकुणाची नावे आहेत ते लिहावे लागेल. तीच तर यादी.

सरकारी संस्था हे करू शकत नाही, असे महाराष्ट्रात तरी कुणी म्हणू नये. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, निर्मात्यांच्या वारसांच्या घरी जाऊन, भंगारवाल्यांकडून सुद्धा चित्रपट जमवले. दादासाहेब फाळक्यांचे जे काही आज पाहता येते, त्यात नायर यांचा वाटा मोठा आहे. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रह बारा हजार चित्रपटांचा होता. तरीही भारताच्या मूकपटांपैकी बहुतेक गेले, देशाचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ गेला, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जपून ठेवलेल्या कितीतरी नायट्रेट प्रती जळाल्या. नायर यांनी दाखवलेली चिकाटी दूरदर्शनच्या फितींच्या वाट्याला अजून आलेली नाही.

यादी करायला माणसांची आठवण लागणार आहे, आणि ही गोष्ट पैशाने नंतर विकत मिळणार नाही. डब्यावरची चिठ्ठी पुसली गेलेली असेल, तर फितीवरचा तो तरुण नट कोण, मागे तबल्यावर कोण, मुलाखत घेणारी व्यक्ती कोण, हे सांगणारे कुणी हवे. वृत्तनिवेदक प्रदीप भिडे २०२२ मध्ये गेले. तबस्सुम त्याच वर्षी गेल्या. मुंबई केंद्राच्या सुरुवातीच्या मराठी वृत्तनिवेदकांपैकी विश्वास मेहेंदळे २०२३ मध्ये गेले. त्या काळचे निर्माते, कॅमेरामन, संकलक, नेपथ्यकार, रंगभूषाकार यांतले जे आज आहेत, ते आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे, मानधन द्यावे, पडद्यासमोर बसवावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. नागपूरच्या आणि पणजीच्या केंद्रांनीही आपापल्या माणसांसाठी हे करावे. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, गोवा इथल्या विद्यापीठांतल्या माध्यम-विभागांचे विद्यार्थी या कामात आनंदाने राबतील. त्यांना अशा हाताच्या कामाइतके चांगले शिक्षण वर्गात मिळणार नाही.

महोदय, यादी एकदम पूर्ण करण्याचा आग्रह नाही. पहिल्या दहा वर्षांपासून, २ ऑक्टोबर १९७२ ते १९८२ पर्यंतच्या कृष्णधवल काळापासून सुरुवात करावी. अपुरी असली, चुकांनी भरलेली असली तरी ती प्रसिद्ध करावी. चुका दुरुस्त करणारे प्रेक्षक महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. मुंबई केंद्राला साठ वर्षे २०३२ मध्ये पूर्ण होतील. तोपर्यंत संपूर्ण यादी हाती असणे अवघड नाही.

वाचकांनाही एक विनंती. १९८२ नंतर ज्यांच्या घरी व्हीसीआर आला, त्यांनी टीव्हीवरून कितीतरी कार्यक्रम व्हीएचएसवर उतरवून घेतले होते. लग्नाच्या कॅसेटींशेजारी त्या अजून माळ्यावर असतील. त्या टाकून देऊ नका आणि जुन्या यंत्रात घालून घरच्या घरी चालवूनही पाहू नका, फीत तुटेल. कॅसेटवर काय लिहिले आहे ते वहीत उतरवा, कोरड्या जागी उभी ठेवा, आणि दूरदर्शनची यादी निघाली की तिच्यातल्या रिकाम्या जागांशी आपली वही ताडून पाहा.

आपला,
मुंबई दूरदर्शनचा एक प्रेक्षक